थंडरबर्ड: अपग्रेडनंतरच्या मेमरीच्या तपासात कसा उतरला

गेली बारा वर्षे माझा कामाचा सगळा पत्रव्यवहार थंडरबर्ड या ई-मेल प्रोग्राममध्ये आहे. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा मी संगणक विंडोज ११ वर नेला आणि त्याच बैठकीत थंडरबर्डचीही जुनी आवृत्ती सोडून नवी आवृत्ती घेतली. अपग्रेड विनाअडथळा पार पडले. फाइली जागच्या जागी होत्या, पत्रे जागच्या जागी होती आणि खाती पुन्हा भरावी लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र प्रोग्राम उघडून तासभर झाला नाही तोच संगणक अडखळू लागला. उत्तर लिहिताना अक्षरे बोटांच्या मागून उमटत होती आणि एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायला काही सेकंद लागत होते. कोणता प्रोग्राम किती मेमरी घेतो ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तर ८ जीबी रॅमपैकी ३.४ जीबी एकट्या ई-मेल प्रोग्रामच्या नावावर दिसत होती. अपग्रेडच्या आधी हाच आकडा ५०० ते ६०० एमबीच्या आसपास असे.

निष्कर्ष आधीच सांगतो, कारण अशा अडचणीत सापडलेल्या वाचकाला तोच आधी हवा असतो. दोष थंडरबर्डचा निघाला नाही. वाढलेल्या मेमरीचा मोठा वाटा मी वर्षानुवर्षे न तपासता वापरत असलेल्या, प्रोग्रामला जादा सोय जोडणाऱ्या एका अ‍ॅड-ऑनचा होता आणि उरलेला वाटा पत्रे साठवण्याच्या माझ्या सवयीचा होता. हे शोधून काढायला मला तीन आठवडे लागले. त्या काळात या प्रोग्रामने तपासाला कितपत साथ दिली, त्याची कोणती साधने खरोखर उपयोगी पडली आणि कोणती असूनही हाताला लागत नाहीत, हे या परीक्षणात लिहीत आहे.

थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. त्याचे काम आज मोझिला फाउंडेशनच्या अखत्यारीतील एका उपकंपनीकडे आहे. प्रोग्राम विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे आणि त्याच्या वाटचालीचा खर्च प्रामुख्याने वापरकर्त्यांच्या देणग्यांतून चालतो. ही पार्श्वभूमी इथे देण्याचे कारण असे, की मुक्त स्रोत प्रोग्राम आपल्या पोटात काय चालले आहे ते लपवत नाही, आणि मेमरीसारख्या अडचणीत त्याचा फायदा प्रत्यक्ष मिळतो.

पहिले दोन दिवस मी काहीही बदलले नाही. हा निर्णय योग्य होता असे आता खात्रीने म्हणता येते. अपग्रेडनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत संगणकावर अनेक कामे एकाच वेळी सुरू असतात. विंडोजचा स्वतःचा शोध सगळ्या फाइलींचा नवा इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, बांधत असतो आणि अँटिव्हायरस बदललेल्या फाइली पुन्हा तपासत असतो. माझ्या बाबतीत यात तिसऱ्या कामाची भर पडली होती आणि ती मीच घातली होती. थंडरबर्डचा सर्व खात्यांतला एकत्रित शोध प्रोफाइलच्या, म्हणजे पत्रे आणि सेटिंग्ज जिथे साठतात त्या, फोल्डरमधील एका एसक्यूलाइट डेटाबेस फाइलवर चालतो. जुन्या शोधात काही पत्रे सापडत नव्हती, म्हणून प्रोग्राम बंद असताना मी ती फाइल काढून टाकली होती. तसे करणे सुरक्षित असते, कारण प्रोग्राम पुढच्या वेळी उघडला की ती नव्याने तयार करतो. पण अडीच लाखांहून अधिक पत्रांचा इंडेक्स पहिल्यापासून बांधायचा म्हणजे प्रत्येक पत्र एकदा उघडून वाचणे आलेच. 'टूल्स' मेनूतील 'अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर' उघडला की सध्या कोणत्या फोल्डरचे काम सुरू आहे ते दिसते. ही खिडकी फारच थोड्यांना ठाऊक असते. नव्या वापरकर्त्याने ती पहिल्याच दिवशी उघडून पाहावी असे मी सुचवेन.

इथे अनेकांची घाई होते. आकडा मोठा दिसला की प्रोग्राम काढून पुन्हा बसवायचा, किंवा प्रोफाइल पुसून नवे करायचे. प्रोग्राम पुन्हा बसवल्याने मेमरीच्या तक्रारीत सहसा काहीच फरक पडत नाही, कारण पत्रे, सेटिंग्ज आणि अ‍ॅड-ऑन हे सगळे प्रोफाइलमध्ये असते आणि प्रोफाइलला हात लागलेलाच नसतो. प्रोफाइल नवे केले तर आयमॅप खात्यातील (ज्यात पत्रे सर्व्हरवरही राहतात) सगळी पत्रे सर्व्हरवरून पुन्हा उतरू लागतात, त्यांचा इंडेक्स पुन्हा बांधला जातो, आणि मूळ दुखणे बाजूला राहून आणखी दोन दिवस संगणक जड होतो.

तिसऱ्या दिवशी अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरमधील नोंदी थांबल्या. सकाळी प्रोग्राम उघडल्यावर मेमरी ९०० एमबीच्या घरात होती आणि मला वाटले, प्रश्न मिटला. दिवसभर मी एकही पत्र उघडले नाही, तरी संध्याकाळी तोच आकडा ३ जीबीच्या जवळ पोहोचला होता. मेमरीच्या तक्रारीत हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. एखाद्या कामामुळे आकडा चढतो आणि ते काम संपल्यावर एका पातळीवर स्थिरावतो, तेव्हा प्रोग्राम आपले काम करत असतो, मग तो आकडा आपल्याला कितीही मोठा वाटो. परंतु काहीही न करता आकडा चढतच राहतो आणि कधीच स्थिरावत नाही, तेव्हा कुठेतरी घेतलेली मेमरी परत दिली जात नाही, हे उघड असते. हा फरक कळण्यासाठी एक वही पुरते: सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आकडा लिहून ठेवायचा. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' या पानावर 'कमिट साइझ' (प्रोग्रामने मागून घेतलेली एकूण मेमरी) हा स्तंभ सुरू करून तोच लिहावा. नेहमीच्या पानावरचा आकडा प्रत्यक्ष रॅममध्ये आत्ता किती आहे एवढेच सांगतो; विंडोजने काही भाग डिस्कवर हलवला की तो कमी दिसतो आणि आपली फसगत होते.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासून घेतली. प्रोग्राम ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, हे 'हेल्प' मेनूतील 'अबाउट' या खिडकीत आवृत्तीच्या क्रमांकाशेजारी लिहिलेले असते. जुन्या संगणकावरून पुढे पुढे नेत आणलेला प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवरही ३२ बिटांचाच राहिलेला असू शकतो. अशा प्रोग्रामला रॅम कितीही असली तरी जास्तीत जास्त ४ जीबी मेमरीच वापरता येते, आणि मोठ्या पत्रसंग्रहावर तो मेमरी अपुरी पडल्याचे सांगून बंद पडू शकतो. माझा ६४ बिटांचा निघाला, म्हणून पुढे गेलो.

थंडरबर्डचे सर्वांत मौल्यवान साधन म्हणजे 'ट्रबलशूट मोड'. तो 'हेल्प' मेनूतून सुरू करता येतो, किंवा विंडोजवर शिफ्ट दाबून धरून प्रोग्राम उघडला तरी सुरू होतो. या मोडमध्ये सगळे अ‍ॅड-ऑन तात्पुरते बंद राहतात, थीम मूळची होते आणि चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारे हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनही बंद राहते. पत्रांना आणि खात्यांना धक्का लागत नाही. मी पूर्ण एक दिवस या मोडमध्ये काम केले. सकाळी ७५० एमबी होते आणि संध्याकाळी ८०० च्या आत. म्हणजे पत्रसंग्रह, खाती आणि मूळ प्रोग्राम या तिघांवरचा संशय एका दिवसात दूर झाला. एवढे ठामपणे सांगणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि ते वापरायला कोणतेही तांत्रिक ज्ञान लागत नाही.

अ‍ॅड-ऑनकडे वळण्यापूर्वी हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन वेगळे काढून पाहिले. प्रणालीच्या अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलण्याची शक्यता असते आणि चित्र रंगवण्याचे काम त्याच्याकडे सोपवलेले असल्याने त्याच्यावर संशय घेणे रास्त आहे. सेटिंग्जमधील 'जनरल' पानावर तो पर्याय बंद करून प्रोग्राम नेहमीच्या पद्धतीने उघडला. दुपारपर्यंत आकडा पुन्हा २ जीबीच्या पुढे गेला, तेव्हा तो पर्याय पुन्हा सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मी सुरुवातीपासून पाळले. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे कळले नसते.

माझ्याकडे सहा अ‍ॅड-ऑन होते. तीन बंद केले आणि अर्धा दिवस पाहिले. आकडा चढतच राहिला. मग ते तीन सुरू करून उरलेले तीन बंद केले आणि आकडा स्थिर झाला. त्या तिघांतून एकेक करत संपर्कांच्या याद्या सर्व्हरशी जुळवून ठेवणारा एक अ‍ॅड-ऑन हाती लागला. तो मी कित्येक वर्षांपूर्वी बसवला होता आणि त्यानंतर त्याच्या पानाकडे फिरकलोही नव्हतो.

नुसते बंद करून भागत नाही. कारण दिसले पाहिजे, असा माझा आग्रह होता. त्यासाठी थंडरबर्डमध्ये दोन जागा आहेत. पहिली 'एरर कन्सोल', जी कंट्रोल, शिफ्ट आणि जे या कळा एकत्र दाबल्या की उघडते. तिथे तो अ‍ॅड-ऑन सुरू असताना दर काही सेकंदांनी तीच एक ओळ उमटत होती: सर्व्हरकडे केलेली विनंती नाकारली गेली. मिनिटागणिक ओळी वाढत होत्या आणि त्यांच्या बरोबरीने मेमरीही वाढत होती. दुसरी जागा म्हणजे मेमरीचे मोजमाप करणारे पान. 'हेल्प'मधील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडले की तिथे 'अबाउट:मेमरी' असा दुवा मिळतो. त्या पानावरील 'मेझर' हे बटण दाबले की प्रोग्रामने घेतलेल्या मेमरीचा जमाखर्च झाडासारखा उलगडतो: वर एकूण आकडा, त्याखाली फांद्या, फांद्यांना उपफांद्या आणि प्रत्येकीपुढे एमबी आणि टक्के. बहुतेक नावे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या भाषेत आहेत आणि ती कळली नाहीत तरी चालते. आपण फक्त सर्वांत जाड फांदी कोणती ते पाहायचे आणि तिच्या टोकापर्यंत जायचे. माझ्या झाडात ती फांदी उलगडत गेलो तेव्हा टोकाशी त्याच अ‍ॅड-ऑनचे नाव होते आणि पुढे १,३१० एमबी. एका तासाने पुन्हा मोजले तेव्हा त्याच जागी १,५४० होते. दोन आठवड्यांचा अंदाज त्या क्षणी डोळ्यांसमोरच्या आकड्यात उतरला, आणि त्याचे मला मनापासून समाधान वाटले.

याच पानावर 'मिनिमाइझ मेमरी यूसेज' असे एक बटण आहे. ते दाबल्यावर प्रोग्राम वापरात नसलेली मेमरी लगेच मोकळी करायचा प्रयत्न करतो. उपाय म्हणून त्याचा फारसा उपयोग नाही, पण परीक्षा म्हणून आहे: बटण दाबून आकडा लक्षणीय उतरला तर ती मेमरी केवळ सोडायची राहिली होती, उतरलाच नाही तर ती कुणीतरी धरून ठेवली आहे. माझ्याकडे तो जेमतेम ४० एमबीने उतरला.

अ‍ॅड-ऑन काढून टाकल्यावर रोजचा आकडा ९०० एमबीवर स्थिरावला. तिथे थांबलो असतो तरी चालले असते, पण अपग्रेडच्या आधीच्या ६०० आणि आताच्या ९०० मधला फरक मनात राहिला. त्याचे उत्तर या प्रोग्रामच्या साठवणीच्या पद्धतीत मिळाले. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरमधील सगळी पत्रे मूळ रचनेनुसार एकाच लांबलचक फाइलमध्ये, एकाखाली एक, ठेवतो. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. शेजारी त्याच नावाची एक 'एमएसएफ' फाइल असते, जिच्यात विषय, पाठवणारा, तारीख आणि खुणा यांची सूची असते. फोल्डर उघडला की ही सूची पूर्णच्या पूर्ण मेमरीत येते. फोल्डर सोडल्यावर काही वेळाने प्रोग्राम ती बंद करतो, पण जो फोल्डर आपण दिवसभर उघडा ठेवतो त्याची सूची दिवसभर मेमरीत राहते. माझ्या इनबॉक्समध्ये १ लाख ८० हजार पत्रे होती आणि त्याची सूचीच १५० एमबीच्या वर गेली होती. बारा वर्षांत मी एकही पत्र इनबॉक्समधून हलवले नव्हते. पूर्वी मी तो फोल्डर क्वचितच पूर्ण उघडत असे, कारण न वाचलेल्या पत्रांचे वेगळे दर्शन वापरत होतो. नव्या आवृत्तीत मांडणी बदलताना मीच ते काढून सगळा इनबॉक्स समोर ठेवला होता.

याच रचनेतून दुसरी गोष्ट निघते. एमबॉक्स फाइलमधून पत्र पुसले की ते नाहीसे होत नाही. त्यावर पुसल्याची खूण होते आणि जागा तशीच अडून राहते. 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञा दिल्यावर प्रोग्राम फाइल नव्याने लिहितो आणि पुसलेली पत्रे खरोखर जातात. एका ठरावीक मर्यादेहून अधिक जागा सुटणार असेल तर प्रोग्राम हे काम आपणहून करतो. कॉम्पॅक्ट करताना मूळ फाइलीएवढी मोकळी जागा डिस्कवर असावी लागते आणि त्या वेळी अँटिव्हायरसने फाइल अडवून धरली तर काम अर्धवट राहू शकते, म्हणून मोठा फोल्डर असेल तर ते संगणक मोकळा असताना करावे.

इनबॉक्स हलका करायला मी 'अर्काइव्ह'ची सोय वापरली. खात्याच्या सेटिंग्जमध्ये वर्षानुसार फोल्डर करण्याचा पर्याय निवडला, जुनी पत्रे निवडून ए ही कळ दाबली आणि प्रोग्रामने प्रत्येक पत्र त्याच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवले. एका वेळी पाच-सहा हजारांहून अधिक पत्रे निवडली नाहीत, त्यामुळे हे काम तीन संध्याकाळी चालले. शेवटी इनबॉक्स कॉम्पॅक्ट केला आणि फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'रिपेअर फोल्डर' दाबून सूची नव्याने बांधून घेतली. ती १५० एमबीवरून ४ एमबीच्या खाली आली.

या सगळ्याच्या आधी प्रोफाइलची प्रत काढून ठेवली होती, हे आवर्जून सांगायला हवे. प्रोग्राममध्ये निर्यातीची सोय आहे, पण ती २ जीबीपर्यंतच्या प्रोफाइलसाठीच आहे. माझे प्रोफाइल त्याच्या कितीतरी पट मोठे असल्याने प्रोग्राम बंद करून संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवला. नवी आवृत्ती एकदा उघडली की तेच प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला थंडरबर्ड नकार देतो, कारण त्यात नुकसान होऊ शकते. म्हणून प्रत काढायची ती नव्या आवृत्तीचे पहिले दार उघडण्यापूर्वीच. मला ते अपग्रेडच्या सकाळी सुचले.

आता उणिवा. ज्या साधनांनी माझे काम झाले ती सगळी मेनूंच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आहेत आणि ती आहेत हे प्रोग्राम कधीही आपणहून सांगत नाही. अ‍ॅड-ऑनच्या पानावर प्रत्येकाचे नाव, आवृत्ती आणि वर्णन आहे, पण त्याने किती मेमरी घेतली आहे याचा आकडा नाही. तो तिथे असता तर माझे तीन आठवडे वाचले असते. मोजमापाचे पान प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी केलेले आहे हे मान्य करूनही, त्याच्या माथ्यावर 'सर्वांत मोठे पाच वाटे' असा साधा तक्ता देणे अवघड नसावे. इनबॉक्स अवाढव्य झाल्यावर अर्काइव्हची सोय सुचवणारी एखादी सूचनाही तिथे शोभून दिसेल. ज्यांना संगणकाच्या पोटात डोकावायची सवय नाही, त्यांच्याकडून असा तपास अपेक्षिणे योग्य नाही, आणि त्यांना हा प्रोग्राम सुचवताना सोबत जाणकार माणूस हवा असे मी सांगेन.

ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार आहे आणि तो स्वतःच्या संगणकावर, उघडता आणि वाचता येईल अशा फाइलींत ठेवणे ज्यांना महत्त्वाचे वाटते, त्यांच्यासाठी मात्र माझी शिफारस निःसंदिग्ध आहे. आज संध्याकाळी, दिवसभर काम करून झाल्यावर, कमिट साइझचा आकडा ५८० एमबी आहे. संपर्क जुळवण्याचे काम आता प्रोग्रामच्या स्वतःच्या पत्तावहीतील कार्डडॅव्ह (संपर्क सर्व्हरशी जुळवण्याची प्रमाणित पद्धत) खाते करते, अ‍ॅड-ऑन सहाचे दोन उरले आहेत, आणि २०१३ ते २०१९ या वर्षांचे फोल्डर पुढच्या रविवारी कॉम्पॅक्ट करायचे बाकी आहेत.